ज्वलनशील माल रेल्वेने पाठवताना कुणाला, काय आणि कधी कळवायचं

ज्वलनशील माल रेल्वेच्या ताब्यात देताना दोनदा कळवावं लागतं. एकदा माल देण्याआधी, लेखी. आणि काही बिघडलंच तर पुन्हा, त्याच क्षणी. पहिली सूचना रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम ६७ खाली जाते. दुसरी मालाप्रमाणे बदलते. द्रव पेट्रोलियम असेल तर पेट्रोलियम कायदा, १९३४ चं कलम २७ लागतं. एलपीजीसारखा दाबाखालचा वायू असेल तर स्फोटक कायदा, १८८४ चं कलम ८. रेल्वेची स्वतःची जबाबदारी रेल्वे कायद्याच्याच कलम ११३ मध्ये वेगळी सांगितली आहे.

कागद वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, मुदती वेगळ्या. सगळीकडे सारखी जाणारी गोष्ट एकच, मालाचं नाव. पहिल्या कागदावर ते ढोबळ लिहिलं की पुढे आरआरवर (माल घेतल्याच्या रेल्वेच्या पावतीवर), कंट्रोलच्या (रेल्वेच्या नियंत्रण कक्षाच्या) रजिस्टरमध्ये आणि शेवटी अग्निशमन दलाच्या कानावर तसंच ढोबळ जातं. इथेनॉलच्या टाकीवर कागदोपत्री ‘मोटर स्पिरिट’, म्हणजे पेट्रोल, असेल तर बंब साधा फोम घेऊन येतो. पेट्रोलवर चालणारा साधा फोम इथेनॉलवर टिकत नाही, कारण इथेनॉल त्यातलं पाणी ओढून घेतं आणि फेसाचा थर मोडतो. त्याला अल्कोहोल-रोधक फोमच लागतो. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून माल पाठवणाऱ्यांनी हे आधी लक्षात ठेवावं.

आधी नाव, मग वर्ग

मालाच्या एसडीएसमध्ये, म्हणजे सेफ्टी डेटा शीटमध्ये, सोळा विभाग असतात. तुम्हाला दोनच हवेत. नवव्यात फ्लॅश पॉइंट असतो, म्हणजे मालाची वाफ ज्या तापमानापासून पेट घेऊ शकते ते. चौदाव्यात वाहतुकीची माहिती: यूएन नंबर (संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला मालाचा क्रमांक), अधिकृत नाव, वर्ग आणि पॅकिंग ग्रुप (धोक्याची पातळी). फॉरवर्डिंग नोटवर, म्हणजे माल देताना रेल्वेकडे भरायच्या अर्जावर, चौदाव्या विभागातलं नाव जसंच्या तसं उतरवा. ‘केमिकल’, ‘सॉल्व्हंट’, ‘थिनर’, ‘ऑइल’ किंवा कंपनीचं ब्रँडनाव हे नाव नव्हे.

वर्गाचा घोळ इथूनच सुरू होतो, कारण एकाच मालाला तीन पद्धतींनी वर्ग मिळतो.

रेल्वेचे रेड टॅरिफ नियम (२००० चे, मालगोदामात सगळे ‘रेड टॅरिफ’च म्हणतात) धोकादायक मालाचे आठ वर्ग करतात: स्फोटकं, दाबाखालचे वायू, पेट्रोलियम व इतर ज्वलनशील द्रव, ज्वलनशील घन पदार्थ, ऑक्सिडायझर, विषारी पदार्थ, किरणोत्सारी पदार्थ, आणि आम्लं व इतर क्षरणकारी पदार्थ. आपला विषय मुख्यतः दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाचा. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत वर्ग नऊ आहेत. पहिल्या आठांचे क्रमांक बरेचसे जुळतात, त्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात.

पेट्रोलियम नियम, २००२ फक्त फ्लॅश पॉइंट बघतात. २३ अंश सेल्सिअसच्या खाली ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ च्या आत ‘ब’, ६५ ते ९३ च्या आत ‘क’. पेट्रोल आणि नाफ्था ‘अ’मध्ये. डिझेलचा भारतीय मानकाप्रमाणे किमान फ्लॅश पॉइंट ३५ अंश, विमानाच्या इंधनाचा ३८, म्हणून दोन्ही ‘ब’मध्ये. फर्नेस ऑइलचा किमान ६६, म्हणून ते ‘क’मध्ये.

जहाजाच्या नियमांत ज्वलनशील द्रवाची रेघ ६० अंशांवर आहे. म्हणजे ६३ अंश फ्लॅश पॉइंटचा एखादा हायड्रोकार्बन सॉल्व्हंट बंदरावर वर्ग ३ मध्ये मोडत नाही, पण पेट्रोलियम नियमांत तो ‘ब’ वर्गाचा असतो. आयात कंटेनर न्हावा-शेव्यावरून रेल्वेने आत आणताना जहाजाच्या कागदांवरून नुसती नक्कल केली की हीच चूक होते.

आणखी एक बारकावा. पेट्रोलियम कायद्याची व्याख्या द्रव हायड्रोकार्बन आणि ज्यात ते मिसळलेलं आहे अशा ज्वलनशील मिश्रणांपुरती आहे. शुद्ध इथेनॉल त्यात बसत नाही. त्यात पेट्रोल मिसळलं की बसतं. रेड टॅरिफच्या तिसऱ्या वर्गातून मात्र दोन्ही सुटत नाहीत.

वर्ग चुकण्याची किंमत कॅनडातल्या लॅक-मेगाँटिकमध्ये दिसली. ६ जुलै २०१३ च्या रात्री ब्रेक सुटून उतारावरून घरंगळलेली कच्च्या तेलाची गाडी गावात उलटली आणि ४७ माणसं गेली. गाडी घरंगळली ती ब्रेकमुळे, कागदामुळे नव्हे. पण तपासात निघालं की तेल पॅकिंग ग्रुप ३ चं म्हणून पाठवलं होतं आणि होतं ग्रुप २ चं, म्हणजे कागदावरच्यापेक्षा जास्त लवकर पेटणारं.

कलम ६७ ची सूचना आणि फॉरवर्डिंग नोट

कलम ६७ दोन गोष्टी मागतं. माल धोकादायक आहे हे अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याला लेखी कळवणं, आणि पॅकिंगच्या बाहेरून ते स्पष्ट दिसेल अशी खूण करणं. दोन्ही हवेत. लेबल चिकटवलं आणि लेखी दिलं नाही, तर सूचना अपुरी. लेखी दिलं आणि ड्रम कोरे, तरी अपुरीच. शंका आली तर रेल्वे कर्मचारी पॅकेट उघडून बघू शकतो, माल नाकारू शकतो आणि वाटेत थांबवून उतरवूही शकतो.

धोकादायक मालाची फॉरवर्डिंग नोट नेहमीच्या नोटेपेक्षा वेगळी असते. गुड्स क्लार्ककडे तीच मागा. ऑनलाइन मागणी नोंदवताना यादीतून माल निवडला म्हणजे कलम ६७ ची सूचना दिली, असं धरून चालू नका. ती मागणी वॅगनसाठी असते. सूचना मालाच्या धोक्याची द्यायची असते आणि तिच्यावर पाठवणाऱ्याची सही लागते.

नोट भरताना हे बघा:

– मालाचं अधिकृत नाव, यूएन नंबर, रेड टॅरिफचा वर्ग, आणि पेट्रोलियम असेल तर अ, ब किंवा क. फ्लॅश पॉइंट आकड्यात लिहा. ‘लागू नाही’ नको.
– नगांची संख्या, पॅकिंगचा प्रकार, प्रत्येक नगाचं आकारमान, एकूण वजन. ‘अंदाजे’ हा शब्द नोटेवर नको.
– टाकीत याआधी काय होतं. छापील रकाना नसला तर शेऱ्यात लिहा. हे का लागतं ते पुढे भरण्याच्या भागात येईल.
– रात्री तीन वाजता उचलला जाईल असा फोन नंबर. कार्यालयाचा लँडलाइन नको.
– पोहोचायचं स्टेशन त्या वर्गाचा माल घेतं की नाही, याची आधी खात्री. प्रत्येक स्टेशन धोकादायक मालाला खुलं नसतं, आणि ‘पोहोचल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचा माल वाटेतल्या यार्डात पडून राहतो.

शिक्का मारलेली दुसरी प्रत परत घ्या. उद्या वाद झाला तर सूचना दिल्याचा पुरावा तुमच्या हातात तेवढाच असतो.

खोट्या वर्णनाची शिक्षा हलकी समजली जाते, कारण लोक कलम १६४ मधला हजार रुपयांचा आकडा वाचून थांबतात. त्याच कलमात तीन वर्षांपर्यंतची कैद आहे आणि झालेल्या सगळ्या नुकसानीची भरपाईही. शिवाय मालाचं खोटं विवरण दिल्यास कलम १६३ प्रमाणे क्विंटलमागे पाचशे रुपयांपर्यंत दंड होतो. एका टँक वॅगनमध्ये ५४ टन, म्हणजे ५४० क्विंटल माल असतो. हिशेब २,७०,००० रुपयांवर जातो, तोही एका टाकीचा.

ड्रम आणि कॅनच्या लेबलांबद्दल थोडक्यात. द्रवाला लाल चौकट कोनावर उभी, आत ज्वाला. ज्वलनशील घन पदार्थाला पांढऱ्यावर उभे लाल पट्टे. आकार निदान १०० मिलिमीटर बाय १०० मिलिमीटर, मोठ्या टाकीवर २५० बाय २५०. लेबल ड्रमच्या झाकणावर लावू नका. ड्रम एकावर एक रचले की ते झाकलं जातं. बाजूला लावा. जुन्या ड्रमवरचं आधीच्या मालाचं लेबल खरवडून काढा. दोन लेबलांचा ड्रम हा कोऱ्या ड्रमपेक्षा वाईट.

टाकी हाती घेताना

पेट्रोल-डिझेलसाठी आपल्याकडे मुख्यतः बीटीपीएन वॅगन असते. आठ चाकांची, साधारण ७० घनमीटर आकारमानाची, ५४ टन माल घेणारी. मनमाडजवळचं पानेवाडी, अकोल्याजवळचं गायगाव किंवा नागपूरचं खापरी, अशा डेपोंच्या साइडिंगवर (डेपोत जाणाऱ्या बाजूच्या लाइनवर) हीच दिसते.

टाकीला गळतीच्या जागा तीन. वरच्या डोमवर मॅनहोलचं झाकण. टाकीच्या तळाशी आतून बसणारा मास्टर व्हॉल्व्ह. तो डोममधून दांड्याने उघडतात-मिटतात. आणि खाली दोन्ही बाजूंना एकेक बॉटम डिस्चार्ज व्हॉल्व्ह, त्यांच्या तोंडावर बोल्टने बसवलेला ब्लँक फ्लँज, म्हणजे तोंड बंद करणारी चकती. माल खाली येऊ नये म्हणून एकामागे एक असे तीन अडथळे आहेत: मास्टर व्हॉल्व्ह, बॉटम व्हॉल्व्ह, फ्लँज. एकच नीट बसला तरी टाकी कोरडी दिसते. हीच फसवणूक आहे. मास्टर व्हॉल्व्हच्या सीटवर गंजाचा तुकडा अडकलेला असतो, बॉटम व्हॉल्व्ह अर्धवट मिटलेला असतो आणि सगळा भार फ्लँजच्या गॅस्केटवर असतो. साइडिंगवर ठिबकत नाही. पन्नास किलोमीटरच्या हादऱ्यांनंतर धार लागते.

म्हणून तपासायचं ते या क्रमाने. भरण्याआधी मास्टर व्हॉल्व्ह मिटा आणि दोन्ही ब्लँक फ्लँज काढून बॉटम व्हॉल्व्ह उघडे ठेवा. थोडा माल आत घ्या. खाली थेंब आला तर मास्टर व्हॉल्व्ह बसलेला नाही. ती टाकी बाजूला काढा आणि ‘सिक’, म्हणजे नादुरुस्त, म्हणून कळवा. थेंब नाही आला तर बॉटम व्हॉल्व्ह मिटा, नवीन गॅस्केट घालून फ्लँज लावा, सगळे बोल्ट भरा. चार भोकांत तीन बोल्ट असलेला फ्लँज सर्रास दिसतो. तो चालत नाही, कारण दाब एका बाजूला पडून गॅस्केट उघड्या कोपऱ्यातून सरकतं. वायूच्या, म्हणजे बीटीपीजीएलएन टाक्यांची रचना वेगळी असते. ही पद्धत त्यांना लावू नका.

भरताना

पेट्रोलियमच्या डब्या-पिंपांत मोकळी जागा ठेवायचं प्रमाण नियमातच आहे: ‘अ’ वर्गाला निदान ५ टक्के, ‘ब’ आणि ‘क’ला ३ टक्के. टँक वॅगनला तिच्या कॅलिब्रेशन चार्टवरची भरण-पातळी पाळा. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. ६६,००० लिटर पेट्रोल प्रवासात २० अंशांनी तापलं तर त्याला सुमारे १,३०० लिटर जास्त जागा लागते. ती टाकीत नसेल तर माल डोममधून वाट काढतो.

डिझेल जड असल्याने त्यात वजनाची मर्यादा आधी येते, पेट्रोलमध्ये जागेची. एकाच डिप-आकड्याने, म्हणजे मोजकाठीवरच्या एकाच पातळीने, दोन्ही भरणारा माणूस डिझेलची टाकी ओव्हरलोड करतो.

आता ‘आधी काय होतं’ या प्रश्नाकडे. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीत डिझेल भरणं हे पेट्रोल भरण्यापेक्षा धोक्याचं असतं. पेट्रोल भरताना आतली वाफ इतकी दाट होते की ती पेटायला हवा कमी पडते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असतानाच पेट घेते. डिझेल मात्र उरलेली वाफ शोषून पातळ करतं, म्हणजे तिला नेमकी पेटण्याच्या पट्ट्यात आणतं. वर पाइपमधून वाहताना ते स्थिर विद्युतही साठवतं. म्हणून अर्थिंग आणि बाँडिंगची वायर आधी लावायची, झाकण नंतर उघडायचं. भरण्याच्या पाइपचं तोंड द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या वर न्यायचा नाही. पाइप तळापर्यंत सोडायचा. वरून धार पाडायची नाही. पंप थांबल्याबरोबर डिपरॉड टाकायचा नाही. सुटताना उलटा क्रम: आधी झाकण, मग वायर.

सूर्यास्तानंतर भरायचं असेल तर पुरेसा विजेचा उजेड आणि आग विझवायची साधनं माणसांसह तयार हवीत. पेट्रोलियम नियमांची अटच आहे ती.

वर २५,००० व्होल्टची ओएचई, म्हणजे रुळांवरची विजेची तार, असेल तर टाकीवर चढायचा प्रश्नच नाही. जिवंत तारेपासून २ मीटर अंतर राखावं लागतं आणि डोमवर उभा माणूस ते राखू शकत नाही. पॉवर ब्लॉक (तारेतली वीज बंद करणं) आणि अर्थिंग झाल्याचं लेखी मिळाल्याशिवाय कुणालाही वर पाठवू नका, ‘फक्त एक बोल्ट’ असला तरी.

रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, सुटल्यावर

इथून पुढचं काम रेल्वेचं, पण पाठवणाऱ्याने ते ओळखून असावं. लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर (२०२२ पर्यंतचा गार्ड) यांना गाडीत काय आणि कितव्या जागी आहे हे माहीत असलं पाहिजे. लूज शंटिंग, म्हणजे धक्का देऊन डबे सोडणं, धोकादायक मालाला मना आहे. आरआरवर माल ज्वलनशील असल्याचा शेरा नसेल तर यार्डातल्या शंटरला हे कळणार कसं? म्हणून आरआर हातात आली की नाव, वर्ग आणि शेरा तिथेच खिडकीवर वाचा.

टाकीचा नंबर ११ अंकी असतो. पहिले दोन अंक प्रकाराचे (टँक वॅगनचे नंबर ४ ने सुरू होतात), पुढचे दोन मालक रेल्वेचे, पुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, चार अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. फोनवर नंबर चुकतोच, म्हणून हा शेवटचा अंक काढता आला पाहिजे. समजा नंबर ४००११२३४५६ आणि पुढचा अंक अस्पष्ट आहे. सम स्थानांवरचे अंक: ०, १, २, ४, ६. बेरीज १३, तिप्पट ३९. विषम स्थानांवरचे: ४, ०, १, ३, ५. बेरीज १३. एकूण ५२. पुढच्या दशकापर्यंत ८ कमी, म्हणून शेवटचा अंक ८. एखादा अंक चुकीचा ऐकला तर हा हिशेब नेहमी पकडतो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तरी पकडतो, फक्त त्या दोन अंकांत पाचाचा फरक असला तर सुटतं.

गळती दिसली तर पहिला फोन

पहिला निरोप कंट्रोलला किंवा जवळच्या स्टेशन मास्तरला. तो असा असावा:

‘डाऊन मेन लाइन, किलोमीटर २५८/१४. भरलेला बीटीपीएन रेक, माल पेट्रोल, वर्ग ३, यूएन १२०३. इंजिनपासून सतरावी टाकी, नंबर ४००११२३४५६८. उजव्या बाजूच्या बॉटम फ्लँजमधून धार, मिनिटाला अंदाजे पाच लिटर. आग नाही. वारा पश्चिमेकडून, पूर्वेला तीनशे मीटरवर वस्ती. ओएचई चालू. शेजारच्या लाइनवरची वाहतूक थांबवा, पॉवर ब्लॉक द्या, फोमचा बंब पाठवा.’

यात क्रम मुद्दाम असा आहे. फोन मध्येच तुटला तरी जागा आणि माल पोहोचलेले असतात. ‘ऑइल टँकर लीक आहे, लवकर या’ या निरोपावर कुणी काही ठरवू शकत नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती रुळांच्या कडेच्या नाल्यातून, मोरीतून सखल भागाकडे सरकते, म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि उंचावर उभं राहायचं. गाडीचं संरक्षण करताना प्युजी (इतर गाड्यांना थांबवण्यासाठी पेटवायची इशाऱ्याची मशाल) पेटवण्याआधी वारा बघा; ती उघडी ज्वाला आहे. बादल्या घेऊन येणाऱ्या लोकांना पहिल्या पाच मिनिटांत रोखलं नाही तर नंतर रोखता येत नाही, तेव्हा पोलिसांना ११२ वर आणि रेल्वे सुरक्षा दलाला कंट्रोलमार्फत त्याच वेळी कळवा.

आग लागली असेल तर अंतर मोठं हवं. उत्तर अमेरिकेच्या आपत्कालीन मार्गदर्शिकेत आगीत सापडलेल्या ज्वलनशील द्रवाच्या टाकीपासून सगळ्या दिशांना ८०० मीटर, एलपीजीच्या टाकीपासून १,६०० मीटर मोकळं करायला सांगितलं आहे. एलपीजीच्या गळतीवर पेटलेली ज्वाला झडप बंद करता येत नसेल तर विझवायची नाही. विझलेल्या तोंडातून वायू येतच राहतो, साचतो आणि दुसऱ्या ठिणगीवर स्फोट होतो. टाकी पाण्याने थंड ठेवायची, ज्वाला जळू द्यायची. १३ जुलै २०२५ ला तमिळनाडूत तिरुवल्लूरजवळ डिझेलची मालगाडी घसरून पेटली तेव्हाही ओएचई बंद करणं आणि न पेटलेल्या टाक्या वेगळ्या करणं, हीच सुरुवातीची कामं होती.

अपघातानंतरचे कागद आणि त्यांच्या मुदती

पेट्रोलियममुळे स्फोट किंवा आग लागून जीव गेला, किंवा माणसाला वा मालमत्तेला गंभीर इजा झाली, तर कलम २७ प्रमाणे माल ज्याच्या ताब्यात आहे त्याने ताबडतोब कळवायचं. जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला, आणि मुख्य विस्फोटक नियंत्रकांना. हे नियंत्रक पेसो या संस्थेचे प्रमुख, मुख्यालय नागपूरला. मूळ नियमात ‘एक्स्प्लोसिव्ह्ज, नागपूर’ या पत्त्यावर तार करायची होती. तारसेवा जुलै २०१३ मध्येच बंद झाली, आता ईमेल करा आणि सोबत फोन. चोवीस तासांच्या आत सविस्तर पत्र गेलंच पाहिजे.

पत्रात मत लिहू नका. वेळ, जागा, माल, प्रमाण, टाकीचे नंबर, शेवटच्या तपासणीची तारीख, मृत आणि जखमी, कुणाला किती वाजता कळवलं, एवढं पुरे. ‘बहुधा व्हॉल्व्हमुळे’ असं पहिल्या दिवशी लिहिलं की पुढच्या प्रत्येक चौकशीत त्या ‘बहुधा’चं उत्तर द्यावं लागतं.

पेसोची पाहणी होईपर्यंत किंवा ‘पाहणी नको’ असं कळेपर्यंत अवशेष हलवायचे नाहीत. अपवाद दोनच: माणसं वाचवणं व मृतदेह काढणं, आणि रेल्वेच्या बाबतीत मार्ग सुरू करणं. हा दुसरा अपवाद फार ताणला जातो. क्रेन येण्याआधी प्रत्येक टाकीचे फोटो, व्हॉल्व्हच्या दांड्याची स्थिती आणि फ्लँजचे बोल्ट नोंदवून घ्या. एकदा टाकी उचलून कडेला टाकली की व्हॉल्व्ह आधी उघडा होता की उचलताना उघडला, हे कुणालाच सांगता येत नाही.

रेल्वेच्या बाजूने कलम ११३ प्रमाणे जीवितहानी, गंभीर दुखापत किंवा ठरवून दिलेलं मोठं नुकसान झालं की जवळच्या स्टेशन मास्तरने विनाविलंब जिल्हा दंडाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि पोलीस ठाण्याला सूचना द्यायची. रेल्वेने दिली म्हणून तुमची कलम २७ ची सूचना माफ होत नाही, आणि तुम्ही दिली म्हणून रेल्वेचीही नाही. घटना डेपोच्या आवारातल्या साइडिंगवर घडली असेल तर तिसरा कागद आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांप्रमाणे मोठ्या अपघाताची सूचना ४८ तासांत द्यायची. कारखाना म्हणून नोंदलेल्या जागेसाठी महाराष्ट्रात ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते.

विम्यातही एक खाच आहे. सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ वाहनाने होणाऱ्या वाहतुकीला लागू होतो, पण त्यातल्या ‘वाहन’ शब्दाच्या व्याख्येतून रेल्वे वगळली आहे. रस्त्याच्या टँकरसाठी घेतलेली पॉलिसी रेल्वेच्या टप्प्याला चालेल, हे गृहीत धरू नका.

रिकामी टाकी, आणि मोटरसायकल

माल उतरवलेली टाकी रिकामी असते, निर्धोक नसते. तळाला उरलेलं थोडं पेट्रोलही अख्खी टाकी पेट घेणाऱ्या वाफेने भरायला पुरतं. परतीच्या कागदावर ‘रिकामी, धुतलेली नाही, शेवटचा माल पेट्रोल’ असं लिहा. झाकण आणि फ्लँज भरलेल्या टाकीसारखेच बंद करा, लेबल काढू नका. दुरुस्तीला गेलेल्या टाकीवर वेल्डिंग करणारा माणूस तुमच्या या एका ओळीवर अवलंबून असतो. वर्कशॉपला गॅस-फ्री प्रमाणपत्राशिवाय टाकी द्यायची नाही.

घरगुती पातळीवर हाच नियम मोटरसायकल पार्सल करताना भेटतो. बुकिंगआधी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. नळीने पेट्रोल काढल्यावर इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर आणि पाइपमधलंही संपतं. तरी तळाशी घोटभर उरतंच. गाडी तिरकी करून तेही काढा, नाहीतर पार्सल ऑफिसात झाकण उघडून हलवून बघतात आणि गाडी परत पाठवतात. प्रवाशाने सिलिंडर, रॉकेल किंवा पेट्रोल सोबत नेणंही कलम ६७ आणि १६४ खालीच येतं. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईच्या यार्डात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या खासगी डब्यात लपवून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. मोटरसायकलमधून काढलेलं पेट्रोल बाटलीत भरून त्याच गाडीने डब्यातून नेणारे महाभाग असतात. ते पेट्रोल घरच्या दुसऱ्या गाडीत ओता आणि मग स्टेशनवर या.